कोथिंबीर संपलीये

"या माणसाची मिशी अजून जाड कर," अप्पा म्हणाले.

"अजून जाड केली तर तो थेट मामासारखा दिसेल."

"मग दिसू दे की. आपण कुठं नाव घातलंय?"

मी मिशी जाड केली. ढेरीही वाढवली, ती मात्र माझ्या मनाने. कागदावरचा प्रोफेसर पारा आता हुबेहूब माझा सख्खा मामा, मन्मथ हत्ते, दिसायला लागला. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून चित्र जवळून पाहिलं आणि मान डोलावली. पहिल्या नंबराच्या मुलाचा पेपर तपासतानाही त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्याला आता बरीच वर्षं झाली. मी एम.एस्सी. होऊन लातूरला घरी आले होते, पीएच.डी.च्या प्रवेशाची वाट पाहत होते आणि वेळ जावा म्हणून चित्रं काढत होते. वेळ जावा म्हणून काही करणं आमच्या घरात मान्य नव्हतं. खाली 'बिराजदार सरांचे केमिस्ट्री क्लासेस' आणि वर आम्ही. चित्रं काढतेसच तर क्लासच्या उपयोगाची काढ, असा हुकूम झाला. प्रवेशाच्या पहिल्या दिवशी दहावी झालेल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना वाटायला एक रंगीत कॉमिक करायचं होतं. गोष्ट हेरांची, शिकवण रसायनशास्त्राची. नायकाचं नाव 'हेर अकरा', कारण सोडियमचा अणुक्रमांक अकरा. शत्रू प्रोफेसर पारा. त्याची प्रयोगशाळा नायकाच्या प्रयोगशाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे.

आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे 'हत्ते अकॅडमी' होती. मामा तिथे फिजिक्स शिकवायचा. पूर्वी दोघांचा मिळून एकच क्लास होता, 'बिराजदार-हत्ते'. मी शाळेत असताना तो फुटला. का फुटला, हे मला कुणी सांगितलं नाही. विचारलं की आई म्हणायची, "तू अभ्यास कर." आणि मी करायचे. माझ्या पदव्यांमध्ये त्या गुपिताचा मोठा वाटा आहे.

क्लास फुटल्यापासून अप्पा आणि मामा एकमेकांशी फक्त फ्लेक्सवरून बोलत. अप्पांनी चौकात 'केमिस्ट्री म्हणजे बिराजदार' असा फ्लेक्स लावला की आठवड्यात त्याच्या समोर 'डोकं असेल तर फिजिक्स, नसेल तर पाठांतर' असा मामाचा लागायचा.

"गोष्टीत फितूर कुणीतरी पाहिजे," मी अप्पांना म्हटलं. "नाहीतर पाऱ्याला सगळं आधीच कळतं कसं?"

"फितूर असतोच. आपल्याकडंच बघ. मी बॅचची वेळ नुसती मनात आणायचा अवकाश, हत्तेची बॅच बरोबर तिच्या पुढं नाहीतर मागं लागते. एकदा म्हणून टक्कर होत नाही. योगायोग आहे का हा? तुझं संख्याशास्त्र काय म्हणतं?"

"योगायोग नाही म्हणतं."

"मग? घरातलंच कुणीतरी आहे," अप्पा म्हणाले आणि लगेच त्यांनी दुरुस्ती केली, "म्हणजे क्लासमधलं."

फितूर कुणाला करायचं यावर मी बराच विचार केला. ज्याच्याकडे कुणी पाहत नाही असा माणूस हवा. शेवटी चहा आणणारी बाई निवडली. ती रोज गच्चीवर साड्या वाळत घालते, आणि पलीकडून पारा दुर्बिणीतून त्यांचे रंग पाहतो. प्रत्येक रंग म्हणजे एका मूलद्रव्याची खूण. ज्योतीत क्षार धरला की ज्योतीला जो रंग येतो, तोच साडीचा रंग. पिवळी साडी सोडियम, जांभळी पोटॅशियम, विटकरी कॅल्शियम, डाळिंबी स्ट्रॉन्शियम आणि कैरीसारखी हिरवी बेरियम. साडीवर मूलद्रव्याची फक्त खूण लिहिलेली. रंगाचं नाव कुठेच नाही, कारण मुलांनी ते डोळ्यांनी शिकायचं होतं. ही युक्ती सुचली तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते.

प्रयोगशाळा हुबेहूब यावी म्हणून मी वही घेऊन अप्पांच्या उन्हाळी बॅचच्या प्रॅक्टिकलला जाऊन बसले. मुलं ओट्याभोवती गोळा झालेली. अप्पांच्या हातात प्लॅटिनमची तार, समोर बर्नर. आणि खिडकीपाशी, स्टुलावर, मांडीवर सूप घेऊन भाजी निवडत बसलेली आई. ती नेहमीच तिथे बसायची. वर उकडतं, खाली पंखा मोठा आहे, असं तिचं म्हणणं.

अप्पांनी तार ज्योतीत धरली.

"अहो," आई सूप झटकत म्हणाली, "कोथिंबीर संपलीये."

मुलं खुसखुसली. अप्पांचा पारा चढला.

"किती वेळा सांगितलं, प्रॅक्टिकल चालू असताना भाजीचं बोलू नको म्हणून! इथं विज्ञान चाललंय." मग ते मुलांकडे वळले. "हं. ज्योतीकडं बघा. बेरियम."

पुढचा क्षार.

"आणि येताना गाजरं आणा."

"गप बस गं! ... कॅल्शियम. लिहून घ्या."

मागे उभा असलेला एक मुलगा शेजारणीला म्हणाला, "काकूंना एकदा भाजी मंडईच बांधून दिली पाहिजे." मीही हसले. सगळी प्रयोगशाळा मी कागदावर उतरवली. बर्नर, तार, परीक्षानळ्यांची घोडी, सगळं. आई तेवढी वगळली. हेरकथेत भाजीला काय काम?

चित्रं शफीभाईंच्या प्रेसमध्ये गेली. रंगीत नमुना आला तो मी अप्पांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. एका ठिकाणी राहिलेला अनुस्वार दिला, एका सूत्रात वर गेलेला दोन खाली आणला, 'प्रयोगशाळेत' मधला 'ळे' पुसट आहे अशी तक्रार लिहिली, आणि शेवटी सही करून खाली लिहिलं: रंग तपासले, बरोबर आहेत.

प्रवेश मंगळवारी सुरू होणार होते. सोमवारी दुपारी गठ्ठे आले. मी वरचा गठ्ठा सोडला, पान उलटलं आणि तशीच उभी राहिले. कॅल्शियमची साडी कैरीसारखी हिरवीगार. बेरियमची विटकरी. डाळिंबीच्या जागी पानवेलीचा हिरवा. प्रेसमध्ये कुणीतरी रंगांची अदलाबदल केली होती, आणि ती एका पानावर नव्हे, प्रत्येक पानावर.

मी शफीभाईंना फोन केला.

"ताई, नमुन्यात होतं तसंच छापलंय. सरांची सही आहे खाली. सरांच्या सहीपुढं आमचं काय चालणार?"

मी नमुना काढून पाहिला. खरंच तसंच होतं. तो आला तेव्हा मी मजकुराच्या चुका शोधत बसले होते. रंग केमिस्ट्रीचे सर बघणारच आहेत म्हणून मी ते पाहिलेच नव्हते. आता माझ्यापुढे एक निरीक्षण होतं आणि त्याची तीन स्पष्टीकरणं. एक, अप्पांनी रंग पाहिलेच नाहीत. पण अनुस्वार शोधणारा माणूस अख्खी साडी सोडत नाही. दोन, ते माझी परीक्षा घेत होते. पण स्वतःच्या पैशाने छापून कुणी परीक्षा घेत नाही. तिसरं स्पष्टीकरण मला सुचत नव्हतं.

"आई, हे बघ काय झालंय."

आईने पान पाहिलं. ती ओरडेल, प्रेसला शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिने हळूच दार लोटलं.

"ह्यांनी बघितलं?"

"त्यांनीच तर सही केली. थांब, मी त्यांना दाखवते."

"दाखवायचं न्हाई." आईचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "गठ्ठे बांध परत. कुणाला एक प्रत देऊ नको. मी जरा मठात जाऊन येते."

ती दर सोमवारी दुपारी मठात जायची, त्यात नवीन काही नव्हतं. नवीन एवढंच, की बेलाची पानं ठेवलेलं ताट तसंच देव्हाऱ्यापुढे राहिलं आणि कॉमिकची एक प्रत पदराखाली गेली. मी खिडकीतून पाहिलं. मठाकडे उजवीकडे वळायचं असतं. आई डावीकडे वळली.

मी मागे गेले. माझ्या कॉमिकमध्ये पाठलागाची दोन पानं होती, तेवढाच माझा अनुभव. आई मात्र सराईत निघाली. चौकात थांबून तिने केळ्यांचा भाव विचारला, घेतली नाहीत, इकडेतिकडे पाहिलं आणि हत्ते अकॅडमीच्या मागच्या लोखंडी जिन्याने वर गेली. मी जिन्याखाली, मामाच्याच फ्लेक्सच्या सावलीत उभी होते. चहा आणणारी बाई फितूर आहे, हे मी पंधरा दिवसांपूर्वी कागदावर लिहून ठेवलं होतं. आपला सिद्धान्त खरा ठरला की शास्त्रज्ञाला आनंद होतो म्हणतात. मला जिना चढताना घाम फुटला होता.

दार अर्धवट उघडं होतं. मामा टेबलाशी बसून कॉमिक वाचत होता, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"गिरजे, मला एवढी ढेरी आहे का गं?"

"अण्णा, ढेरी सोड. रंग बघ."

"बघलालो की. पण ही ढेरी..." त्याची नजर दाराकडे गेली. "आली बघ चित्रकार. ये, ये. बाहेर कशाला उभी? मिशी दाजींनी सांगितली असणार. ढेरी कुणी सांगितली?"

"ढेरी माझी," मी म्हटलं. मग आईकडे वळले. "आई, तू अप्पांच्या सगळ्या गोष्टी इथं येऊन सांगतेस?"

"सांगते."

"बॅचच्या वेळा?"

"त्या तर सांगतेच. आणि ह्याच्या तिकडं सांगते. एकाच वेळी दोघांची बॅच लागली तर पोरांनी जायचं कुठं? दोघांच्याही निम्म्या खुर्च्या रिकाम्या पडतील."

"म्हणजे तू दोन्हीकडून फितूर आहेस."

"फितूर कसली? मी टाइमटेबल बघते," आई म्हणाली. "बस खाली. आता आलीसच तर ऐक."

मग मला तिसरं स्पष्टीकरण मिळालं. अप्पांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून.

मी जीवशास्त्रसुद्धा शिकले होते. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. बापाचं एकुलतं एक एक्स मुलीला जसंच्या तसं मिळतं. तिला स्वतःला सगळे रंग दिसतात, पण दोष तिच्याकडे असतो. अशा मुलीला वाहक म्हणतात. जे गुपित मला कुणी सांगत नव्हतं ते मी जन्मापासून अंगात घेऊन फिरत होते. हेरखात्यातही अशा माणसाला बहुधा वाहकच म्हणत असावेत.

"मग ते केमिस्ट्रीकडे गेलेच कशाला?"

"केमिस्ट्रीत रंग किती आणि समीकरणं किती?" मामा म्हणाला. "समीकरणात त्या माणसाचा हात धरणारा मी अजून बघितला नाही. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. प्रॅक्टिकलला मी शेजारी उभा राहायचो आणि हळूच रंग सांगायचो. पुढं हिचं स्थळ काढलं तेव्हा हिला आधीच सांगितलं, माणूस सोन्यासारखा आहे, दोन रंग तेवढे कमी आहेत."

"लग्नाचा शालू ह्यांनी पसंत केला," आई म्हणाली. "'हिरवा चांगला दिसतोय' म्हणाले. शालू डाळिंबी होता. मी म्हटलं, हो, हिरवाच घेऊ."

"आणि क्लास का फुटला?"

मामाने कॉमिक मिटलं.

"माझ्या जिभेमुळं," तो म्हणाला. "भरलेली लॅब होती. पालकसुद्धा आले होते बघायला. दाजींनी तार ज्योतीत धरली आणि म्हणाले, 'कॅल्शियम. विटकरी.' मी मागं होतो. हळू सांगायचं ते मोठ्यानं बोलून गेलो. 'दाजी, पोपटी.' झालं. एक कार्टं मागून ओरडलं, 'सरांचा पोपट झाला!' अख्खी लॅब हसली. आणि... मीपण हसलो गं. बाकीच्यांचं सोड. मी हसलो."

आमच्या घरात त्या रंगाला 'कैरीचा रंग' म्हणतात, एवढंच मला माहीत होतं. पोपटी हा शब्द मी घरात कधी ऐकला नव्हता, आणि कधी ऐकला नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"त्यानंतर लॅबमध्ये त्यांच्या शेजारी कोण उभं राहणार?" आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी सूप घेऊन खाली गेले."

"कोथिंबीर," मी म्हटलं.

"कोथिंबीर, गाजर, टोमॅटो. पिवळा आणि निळा त्यांना दिसतो, तेव्हा मी गप बसते."

"हे तू आणि अप्पांनी मिळून ठरवलं कधी?"

"ठरवलं कुठं? आजपर्यंत एक शब्द बोललो नाही त्यावर. मी भाजीचं बोलते, ते माझ्यावर ओरडतात. नीट ओरडतात, म्हणून पोरांना कळत नाही."

बाहेर घंटा झाली. चाचणी द्यायला बसवलेली मामाची बॅच सुटत होती आणि दहा मिनिटांत अप्पांची सुरू होणार होती. टक्कर नव्हती.

"आता उद्याचं बोला," मामा म्हणाला. "उद्या सकाळी हे गावभर जाणार. लातुरात पोरांआधी पालक पुस्तक वाचतात. केमिस्ट्रीच्या सरांचं पुस्तक, आणि ज्योतीचे सगळे रंग उलटे. वर त्यांचंच नाव. जुनं प्रकरण आठवणारे पुष्कळ आहेत गावात. ह्या वेळी नुसते हसून थांबणार नाहीत."

"वाटायचंच नाही," मी म्हटलं.

"का वाटायचं नाही, हे ते विचारतील," आई म्हणाली. "काय सांगशील? आणि ऐक, तुला कळलंय हे त्यांना कळलं तर ते उद्यापासून तुझ्यासमोर लॅबमध्ये पाय ठेवणार नाहीत. माझ्यापुढं चालतं त्यांना. पोरीपुढं नाही चालायचं."

मी कॉमिक ओढून घेतलं. सगळी पानं चाळली. रंग बदलता येणार नव्हते, गोष्ट बदलता येणार होती.

"ही बाई फितूर नाहीच," मी म्हटलं. "पाऱ्याला वाटतं ती आपली माणूस आहे. पण ती पहिल्यापासून हेर अकराच्याच बाजूची. म्हणून तिने मुद्दाम चुकीच्या रंगांच्या साड्या वाळत घातल्या. शेवटी एक सुटं पान घालू. त्यावर लिहू, 'कोणकोणते रंग चुकीचे होते ते ओळखा आणि बक्षीस मिळवा.' सगळ्या चुका म्हणजे प्रश्न होतील."

आईने माझ्याकडे पाहिलं. ती हसली नाही, पण तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला.

मामा मात्र पानाकडे बघत होता. "म्हणजे शेवटी पारा फसतो."

"हो."

"सगळ्या गावासमोर. माझ्या मिशीसकट."

"मामा, गोष्टीत कुणाचा तरी पोपट व्हायलाच पाहिजे," मी म्हणून गेले, आणि जीभ चावली.

मामाने खुर्ची मागे सरकवली, शर्ट नीट केला आणि हनुवटी वर उचलली.

"होऊ दे," तो म्हणाला. "काढ. फसलेल्या माणसाचं तोंड कसं करायचं ते सांग. असं चालेल?"

"डोळे अजून मोठे करा."

"असे?"

"अण्णा, तोंड उघड जरा," आई म्हणाली. "त्या दिवशी त्यांचं उघडं राहिलं होतं तसं."

मी मामाच्याच टेबलावर ते पान काढलं. गच्चीवर साड्या, खाली हसणारी बाई, आणि पलीकडे दुर्बीण हातातून पडलेला प्रोफेसर पारा. त्याच्या डोक्यावर एक पोपट बसवला. तो पोपट रंगवताना मामा स्वतः शेजारी उभा राहून सांगत होता, "अजून जरा पिवळा टाक त्यात. बेरियम आहे ते. नीट दिसलं पाहिजे."

जाताना त्याने मला बजावलं, "मी हे पान बघितलंय, हे दाजींना सांगू नकोस. त्यांना वाटू दे, मला न विचारता माझी फजिती केली."

शफीभाई रात्रीपर्यंत सुटं पान छापून द्यायला तयार होते, पण एका अटीवर. "सरांची सही आणा, ताई. मागच्या वेळी सही होती तरी तुम्ही मलाच फोन केलात."

मी घरी आले. आई माझ्या आधी पोचली होती आणि स्वयंपाकघरात कणीक मळत होती, जणू दिवसभर तेच करत होती. अप्पा बॅच संपवून वर आले आणि झोपाळ्यावर बसले. मी पान त्यांच्यापुढे धरलं.

"हे काय?"

"शेवटचं पान. गोष्टीत कलाटणी आहे. ती बाई आपल्याच बाजूची असते. रंग तिने मुद्दाम चुकीचे दाखवलेले असतात. मुलांनी ते ओळखायचे." मी एका दमात म्हणून टाकलं.

अप्पांनी पान हातात घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. या वेळी त्यांनी अनुस्वार शोधला नाही. झोपाळा थांबला होता. माझं उघडलेलं कॉमिक शेजारी पडलं होतं. त्यांनी ते उचललं, साड्यांच्या पानावर बोट ठेवलं आणि त्या दोन साड्यांकडे, ज्या त्यांना एकसारख्याच दिसत होत्या, बराच वेळ पाहत राहिले.

"म्हणजे हे रंग चुकलेले आहेत."

"मुद्दाम, अप्पा."

"अर्थात मुद्दाम," ते म्हणाले. "नाहीतर मी सही केली असती का?"

"नाही."

"पेन दे."

त्यांनी सही केली. या वेळी खाली काही लिहिलं नाही. पान परत देताना त्यांची नजर पाऱ्याच्या डोक्यावर गेली.

"हा पक्षी कोणता?"

"पोपट."

अप्पांनी चष्मा काढला. मी मनातल्या मनात सगळी वाक्यं तयार ठेवली होती, त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं त्यांना ठसका लागलाय. ते हसत होते, आवाज न करता, पान गुडघ्यावर दाबून धरून.

"मामानं हे बघितलं तर?" मी विचारलं.

"'होऊ दे' म्हणेल," अप्पा म्हणाले. "ओळखतो मी त्याला."

मी खाली पाहत राहिले. अप्पांनी डोळे पुसले आणि आवाज खाली आणला.

"तुझी आई आज मठात गेली होती ना?"

"हो."

"सोमवारी दुपारी मठाला कुलूप असतं. तुझ्या जन्माच्या आधीपासून असतं." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "म्हणून सोमवारी मी दुपारची बॅच जरा उशिरा सुरू करतो आणि लांबवतो. भावाकडं गेलेल्या बाईला घाई नको व्हायला. पण हे तिला सांगू नकोस हं. तिला वाटतं, मला माहीत नाही."

मी मान हलवली. त्या दुपारी तीन माणसांनी मला तीन गोष्टी कुणाला न सांगण्याची ताकीद दिली होती आणि त्या तिन्ही गोष्टी बहुधा तिघांनाही माहीत होत्या. हेर म्हणून मी पूर्ण बेकार होते, आणि मला तिन्हीकडे कायमची नोकरी लागली होती.

"कसलं खलबत चाललंय गं दोघांचं?" आईने आतून विचारलं.

मी तोंड उघडलं.

"केमिस्ट्री," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी झोपाळ्याला पायाने रेटा दिला.